हायटस हर्नियाचा त्रास आटोक्यात कसा ठेवावा

श्वासपटलातील ज्या छिद्रातून अन्ननलिका पोटात उतरते ते सैल झाले की जठराचा वरचा भाग छातीत सरकतो, त्यालाच हायटस हर्निया म्हणतात. गोळ्यांनी हे सरकलेले जठर जागेवर येत नाही. गोळ्या केवळ आम्ल कमी करतात. म्हणून आम्ल वर चढूच नये, याकडे रुग्णाने आधी लक्ष द्यावे.

त्यासाठी सर्वांत महत्त्वाची वेळ रात्रीची. दहा वाजता भरपेट जेवून साडेदहाला आडवे होण्याची सवय असेल, तर कितीही औषध घेतले तरी घशाशी आंबट येत राहते. जेवण आणि झोप यांत किमान तीन तासांचे अंतर ठेवावे, रात्रीचे जेवण हलके घ्यावे आणि जेवणानंतर सावकाश शतपावली करावी. पलंगाच्या डोक्याकडील पायांखाली विटा किंवा लाकडी ठोकळे ठेवून ती बाजू सहा ते आठ इंच उंच करावी. नुसत्या उशा वाढवल्याने कंबरेत वाक येऊन पोटावरचा दाब उलट वाढतो. डाव्या कुशीवर झोपल्यास जठरातील आम्ल अन्ननलिकेच्या तोंडापासून खाली राहते. वामकुक्षीतली डावी कूस त्यामुळे योग्यच आहे, मात्र जेवल्याबरोबर आडवे होणे टाळावे.

तेलकट व तिखट पदार्थ, चहा, कॉफी, मद्य यांपैकी आपल्याला नेमके काय बाधते ते दोन आठवडे वहीत टिपून ठरवावे, कारण सर्वांना सारखेच पथ्य लागू पडत नाही. तंबाखू आणि मिश्री मात्र सर्वांनीच सोडावी. वाढलेले वजन, जुनाट खोकला, बद्धकोष्ठता, जड ओझे उचलणे आणि कंबरेला करकचून बांधलेली नाडी किंवा पट्टा यांमुळे पोटातील दाब वाढतो. जेवणानंतर पुढे वाकून करायची कामे आणि आसने टाळावीत.

पँटोप्राझोल किंवा ओमेप्राझोल या गोळ्या न्याहारीच्या साधारण अर्धा तास आधी घेतल्यासच नीट काम करतात. दुकानातून परस्पर आणून त्या वर्षानुवर्षे घेणे मला फार चिंतेचे वाटते, कारण दीर्घकाळ घेतल्यास बी-१२ आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकते. मात्रा व कालावधी डॉक्टरांनीच ठरवावा.

औषधांनी भागत नसेल किंवा जठर अन्ननलिकेच्या बाजूने वर चढून त्रास देत असेल, तर दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया करतात. तीत जठर खाली ओढून छिद्र टाके घालून लहान केले जाते व जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळला जातो. ही पद्धत रुडॉल्फ निसेन यांनी १९५६ मध्ये मांडली. नंतर काही आठवडे मऊ अन्न खावे लागते, आणि काहींना ढेकर काढणे अवघड जाते.

घास अडकणे, काळी शौचास होणे, रक्ताची उलटी किंवा कारण नसताना वजन घटणे यांपैकी काहीही दिसल्यास विलंब न करता तपासणी करावी. छातीत अचानक तीव्र दुखू लागले, तर ते पित्तच आहे असे घरी ठरवू नये. आधी हृदयाची तपासणी करावी. उलटीची उबळ येत असूनही उलटी होत नसेल, तर जठराला पीळ पडलेला असू शकतो, अशा वेळी तत्काळ रुग्णालय गाठावे.