ईएसपी-३२ बोर्डाला बॅटरी निवडताना या चुका टाळा

शिरोळकडच्या उसाच्या रानात मातीतला ओलावा मोजायला ईएसपी-३२, म्हणजे वायफाय असलेला छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड, लावायचा म्हटलं, की पहिला प्रश्न येतो: किती एमएएचची (मिलीअँपिअर-तास, म्हणजे बॅटरीची क्षमता) बॅटरी घेऊ? हा प्रश्न नंतरचा. वायफाय सुरू होतं त्या क्षणी व्होल्टेज किती खाली बसतो, ते आधी बघा. बहुतेक बोर्ड तिथेच अडकतात.

चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी तर घेऊच नका. अल्कलाइन असली तरी क्षमता जेमतेम ५०० एमएएच आणि आतला रोध जास्त. शिवाय ९ व्होल्टचे चिपला लागणारे ३.३ व्होल्ट करताना रेग्युलेटर (व्होल्टेज उतरवून स्थिर ठेवणारा भाग) जवळपास दोन तृतीयांश ऊर्जा नुसती उष्णतेत घालवतो.

मग लोक १८६५० नावाचा दंडगोल, रिचार्जेबल लिथियम सेल आणतात आणि थेट ५ व्होल्टच्या पिनला जोडतात. सेल भरलेला असतो, तरी बोर्ड सारखा रिसेट होतो आणि सिरियल मॉनिटरवर (बोर्डाचे संदेश दाखवणाऱ्या कॉम्प्युटरवरच्या खिडकीत) ‘ब्राउनआउट डिटेक्टर वॉज ट्रिगर्ड’, म्हणजे व्होल्टेज फार खाली गेला, असं दिसतं. दोष कोडचा नाही. बऱ्याच बोर्डांवर एएमएस१११७ रेग्युलेटर असतो. ३.३ व्होल्ट द्यायला त्याला साधारण ४.४ व्होल्ट आत लागतात आणि पूर्ण भरलेला सेलसुद्धा ४.२ च देतो. म्हणजे तूट पहिल्या मिनिटापासूनच. त्याऐवजी एमई६२११ सारखा, ५०० मिलीअँपिअर देणारा कमी ड्रॉपआउटचा (आत थोडाच जास्त व्होल्टेज लागणारा) रेग्युलेटर असलेला बोर्ड घ्या आणि ३.३ व्होल्ट व ग्राउंडमध्ये, चिपच्या जवळ, ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. एचटी७३३३ रेग्युलेटर स्वतः फार कमी करंट खातो म्हणून मोह होतो, पण तो २५० मिलीअँपिअरचाच. वायफायच्या झटक्याला पुरत नाही.

आता एमएएच. बोर्ड दर १५ मिनिटांनी ५ सेकंद जागा होतो आणि तेव्हा १२० मिलीअँपिअर खातो असं धरा. सरासरी पडते ०.६७ मिलीअँपिअर. डीप स्लीपमध्ये, म्हणजे बोर्डाच्या गाढ झोपेत, चिप आणि रेग्युलेटर मिळून ०.०५ मिलीअँपिअर घेत असतील, तर २६०० एमएएचच्या सेलचा ८० टक्के वापर धरून सुमारे १२० दिवस निघतात. पण रेग्युलेटर, यूएसबी चिप आणि लाल एलईडी मिळून झोपेतही ८ मिलीअँपिअर खात असतील, तर तोच सेल १० दिवसांत संपतो. म्हणून मोठा सेल घेण्याआधी मल्टीमीटर सिरीजमध्ये लावून झोपेतला करंट मोजा. मीटर मायक्रोअँपिअर रेंजवर ठेवून बोर्ड सुरू करू नका. मीटरच्या रोधामुळेच तो रिसेट होतो.

९८०० एमएएच छापलेला १८६५० सेल खोटा समजा. खऱ्याची क्षमता ३५०० च्या आसपास थांबते आणि वजन साधारण ४५ ग्रॅम भरतं. हातात हलका लागला तर परत करा.

पॉवर बँकही इथे नको. करंट कमी झाला की बहुतेक पॉवर बँका आपोआप बंद होतात आणि झोपलेला बोर्ड तसाच राहतो.

सोलर लावणार असाल तर गगनबावड्याचा जुलै डोळ्यांसमोर ठेवा: ऊन नसलं तरी आठ-दहा दिवस सेलवर निघाले पाहिजेत. टीपी४०५६ चार्जर प्रोटेक्शनवालाच (सेल फार उतरला की आउटपुट तोडणारा) घ्या. त्यावर बॅटरीचे दोन आणि आउटपुटचे दोन असे वेगळे पॅड असतात. बोर्ड आउटपुटलाच जोडा, नाहीतर सेल प्रमाणाबाहेर उतरून कायमचा बिघडू शकतो. आणि एप्रिल-मे महिन्यांत डबा पॅनेलच्या सावलीत ठेवा, कारण ४५ अंशांच्या वर लिथियम सेल चार्ज करायचा नसतो.