महागडं बचावाचं क्रीचर पारखताना या चुका टाळा

मॅजिक: द गॅदरिंग या कार्डांच्या खेळाच्या २००५ मधल्या रॅव्हनिका सेटमध्ये ब्लेझिंग आर्कॉन नावाचं कार्ड आहे. किंमत नऊ माना (माना म्हणजे कार्ड खेळायला लागणारी ऊर्जा), त्यातले तीन पांढरेच हवेत. ५/६ (पाच पॉवर म्हणजे मारण्याची ताकद, सहा टफनेस म्हणजे मार सोसण्याची), उडणारं, आणि खाली एकच ओळ: क्रीचर्स (लढणारे प्राणी) तुमच्यावर अटॅक करू शकत नाहीत. नवा खेळाडू ती ओळ वाचून हरखतो, मुरलेला खेळाडू नऊचा आकडा बघून नाक मुरडतो. दोघंही घाई करतात. बचावाचं कार्ड पारखताना दोन गोष्टी बघाव्या लागतात: ते उतरेल तेव्हा पट (दोघांनी समोर मांडलेली कार्डं) कसा असेल, आणि त्यानं मिळवून दिलेल्या वेळात तुम्ही काय कराल. बहुतेक चुका यातली एक तरी गोष्ट विसरल्यामुळे होतात.

टफनेसच्या आकड्याला भुलणं

२००८ च्या मॉर्निंगटाइड सेटमधलं इनडॉमिटेबल एन्शंट्स घ्या. चार माना, २/१०. दहा टफनेस म्हटल्यावर आता कोण येतंय आत, असं वाटतं. पण पट मांडून बघा. तुमचं लाइफ ७. समोर एक ३/३, दोन २/२ आणि एक उडणारं २/१. तुम्ही एन्शंट्स उतरवता. समोरचा पुढच्या टर्नला चारही क्रीचर्स घेऊन चढाई करतो, एकूण ९ डॅमेज. तुम्ही ३/३ अडवता, बाकीचे ६ आत येतात. लाइफ १. एन्शंट्सला तीनचं डॅमेज झालं, तेही टर्न संपताच पुसलं गेलं. उरलेलं सात टफनेस कुणाच्याच उपयोगी पडलं नाही, आणि पुढच्या चढाईत डाव संपला.

एक ब्लॉकर एका वेळी एकच अटॅकर अडवतो. हर्थस्टोन खेळून आलेल्यांनी हे खास लक्षात ठेवावं. तिथे टाँट असलेलं मिनियन (तिथलं क्रीचर) समोर असलं तर आधी त्यालाच मारावं लागतं. इथे समोरचा तुमच्या भिंतीला बगल देऊन बाकीची फौज सरळ आत पाठवतो. म्हणून टफनेस मोजण्याआधी मोजा, हे कार्ड एका टर्नला किती अटॅकर थांबवतं. एन्शंट्सचं उत्तर एक, आर्कॉनचं उत्तर सगळे. नऊ माना त्या फरकाचे आहेत.

कार्ड पटावर आहेच असं धरून विचार करणं

ही चूक सगळ्यात महागात पडते, आणि ती आकड्यांशिवाय पटत नाही. ड्राफ्टचा (पाकिटं उघडून आळीपाळीने कार्डं निवडायचा प्रकार) ४० कार्डांचा डेक, त्यात १७ लँड (माना देणारी कार्डं). तुम्ही पहिले खेळताय, मलिगन (सुरुवातीचा हात बदलणं) नाही, जास्तीची कार्डं ओढलेली नाहीत. चौथ्या टर्नला चार लँड हाताशी असण्याची शक्यता साधारण ७१ टक्के. सहाव्या टर्नला सहा लँड असण्याची ३९ टक्के. नवव्या टर्नला नऊ लँड असण्याची अवघी ८ टक्के.

म्हणजे ड्राफ्टमध्ये नुसत्या लँडवर विसंबलात तर आर्कॉन बहुतेक डावांत हातात पडून राहणार. तोपर्यंत तुम्ही सहा कार्डांनिशी खेळत असता आणि समोरचा सात. रॅव्हनिकात सिग्नेट (माना वाढवणारी स्वस्त कार्डं) होती, एक लँड हातात परत घेऊन स्वतः दोन माना देणारी लँडही होती. त्यामुळे तिथे नऊचा आकडा वाटतो तितका हाताबाहेरचा नव्हता. पण मग तो डेक तसा बांधावा लागतो: दुसऱ्या-तिसऱ्या टर्नला स्वस्त ब्लॉकर, मधे माना वाढवणारी कार्डं, थोडं रिमूव्हल (समोरचं क्रीचर घालवणारी कार्डं). आर्कॉनला गुण द्यायचे तर हा सगळा खर्च त्याच्याच खात्यावर मांडा.

मला विचाराल तर पहिल्या पाच टर्न तगून राहण्याची सोय नसलेल्या डेकमध्ये नऊ मानाचं बचावाचं कार्ड घालूच नये. ज्या डावात बचावाची गरज असते, तो डाव तोवर संपलेला असतो.

‘डूम ब्लेडने मरतं’ म्हणून विषय संपवणं

हे वाक्य प्रत्येक ग्रुपमध्ये कुणीतरी टाकतंच. डूम ब्लेड दोन मानाचं, काळं नसलेलं कुठलंही क्रीचर मारणारं. नऊ मानाचं कार्ड दोन मानाला गेलं की अख्खी टर्न वाया जाते, हे खरंच. पण एवढ्यावर निकाल देऊ नका. उतरल्या उतरल्या मेलं तर माझ्या हाती काय उरतं, हे बघा. वॉल ऑफ ओमेन्स ही दोन मानाची ०/४ भिंत येतानाच एक कार्ड ओढून देते, मग ती मेली तरी हिशेब चुकता. थ्रॅगटस्क येताना ५ लाइफ देतं आणि जाताना ३/३ बीस्ट मागे ठेवतं. आर्कॉन जातो तेव्हा मागे काहीही ठेवत नाही.

मग दुसरा प्रश्न: नाही मेलं तर डाव किती टर्नमध्ये संपतो? २००९ मध्ये आलेली बेनस्लेअर एंजलही मरताना काही ठेवत नाही. तरी ती भरपूर खेळली गेली, कारण पाच मानाला येऊन ती जगली की समोरच्याचं गणितच कोलमडायचं. दोन्ही प्रश्नांना कमजोर उत्तर देणारं महागडं कार्ड मात्र बिनदिक्कत बाजूला ठेवा. एन्शंट्स तसंच आहे.

कार्डावरचा मजकूर अर्धा वाचणं

आर्कॉन ‘तुमच्यावर’ अटॅक होऊ देत नाही. तुमच्या प्लेन्सवॉकरवर (साथीदाराच्या कार्डावर) अटॅक होऊ शकतो. लाइटनिंग बोल्टसारखं थेट डॅमेज येतच राहतं, लाइफ शोषणारी कार्डंही चालूच राहतात. समोरचा क्रीचर्सवर जगणारा नसेल, तर नऊ माना देऊन तुम्ही एक ५/६ उडणारं क्रीचर घेतलंत, बस.

उलट बाजूची चूक जास्त दिसते आणि ती मला जास्त खटकते. आर्कॉन उतरला की लोक त्याला घरी बसवून ठेवतात, ब्लॉकर म्हणून. अहो, त्याला ब्लॉक करायचंच नाहीये! अटॅक करून तो टॅप झाला (आडवा ठेवला, म्हणजे वापरला गेला) तरी ती ओळ लागू राहते. समोर त्याला रोखणारं उडणारं क्रीचर नसेल तर प्रत्येक टर्नला पाठवा. पाच-पाचचे चार वार, २० लाइफ संपलं. घरी बसवलेल्या प्रत्येक टर्नला समोरचा एक कार्ड ओढतो, आणि त्यातलं एखादं रिमूव्हल असणारच.

सगळीकडे एकच गुण लावणं

लेगसी या जुनी कार्डं चालणाऱ्या प्रकारात नऊ माना कुणी भरत नाही. एन्टूम या कार्डावर २०२५ मध्ये बंदी येईपर्यंत तिथे त्यानं आर्कॉन डेकमधून ग्रेव्हयार्डमध्ये (वापरलेल्या कार्डांच्या ढिगात) टाकायचे आणि एका मानाच्या रीॲनिमेटने उचलून पटावर आणायचे. पण रीॲनिमेट कार्डाच्या मानाइतकं लाइफ मागतं, म्हणजे ९. वरून समोरच्यानं स्वोर्ड्स टू प्लाउशेअर्स मारलं तर आर्कॉन एक्झाइल (खेळातूनच बाहेर), तुम्हाला परत ५ लाइफ, आणि तुमच्या हातातली दोन कार्डं त्याच्या एका कार्डात गेली. म्हणून तिथे आर्कॉन क्रीचर्सची गर्दी करणाऱ्या डेकविरुद्ध साइडबोर्डमध्ये (डावांच्या मधे बदलून घ्यायच्या राखीव कार्डांत) शोभायचा. कॉम्बो डेकसमोर (ठरावीक कार्डांच्या जोडणीने एकदम जिंकणाऱ्या) तो उतरवल्याचा काही उपयोग नव्हता.

कमांडर या बहुधा चौघांनी खेळायच्या प्रकारात चित्र पालटतं. ४० लाइफ, लांबणारा डाव, माना वाढवणारी कार्डं भरपूर, आणि तुमच्यावर येता येत नाही म्हटल्यावर बाकीचे एकमेकांवर घसरतात. अडचण एवढीच की तिघांचंही रिमूव्हल तुमच्याकडे वळतं.

रुपयांतली किंमत हा वेगळा विषय. ती छपाई किती झाली आणि मागणी किती यावर हलते, तुमच्या डेकमधल्या ताकदीशी तिची गल्लत करू नका.

कार्ड घातलंय, तरी हरताय?

कुठे अडतंय ते पाहा. डाव संपताना आर्कॉन हातातच असेल तर माना वाढवा, नाहीतर तोच काढा. उतरतो पण तोवर लाइफ ३-४ वर आलेलं असतं, तर दोष सुरुवातीच्या टर्नचा आहे. दोन मानाचे ब्लॉकर वाढवा. दरवेळी लगेच मरत असेल तर त्याच्याआधी रिमूव्हल ओढून घेणारं दुसरं धोक्याचं क्रीचर पटावर आणा, किंवा समोरच्याचे माना टॅप झालेत ती टर्न साधा. आणि तीन-चार टर्न सुखरूप राहूनही डाव हातचा जात असेल, तर त्या टर्नमध्ये तो अटॅकला गेला होता का, हे आधी तपासा.