पूर्वहंगामी लागण आणि सीवीड: बाटलीत काय असतं, कधी मारायचं, कशात मिसळायचं नाही

पाऊस ओसरून सरीला वाफसा आला की कोल्हापूर जिल्ह्यात पूर्वहंगामी, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या, उसाची लागण सुरू होते, कारखान्यांची धुराडी पेटतात आणि मागोमाग खोडव्याची, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटणाऱ्या पिकाची, कामं येतात. याच दिवसांत कृषी सेवा केंद्रातून खताच्या पोत्यांसोबत सीवीडची, म्हणजे समुद्री शेवाळाच्या अर्काची, बाटलीही घरी येते. ऑक्टोबर ते जानेवारी या काळात ती कशी वापरायची, त्यासाठी हा सल्ला.

आधी हिशेब पाहू. सीवीड हे खत नव्हे. पूर्वहंगामी उसाला हेक्टरी 340:170:170, म्हणजे एकरी 136 किलो नत्र आणि स्फुरद, पालाश प्रत्येकी 68 किलो, अशी शिफारस आहे. बाटलीत 15 टक्के पालाश आहे असं धरलं तरी लिटरमागे ते साधारण दीडशे ग्रॅम भरतं. 68 किलोपुढे दीडशे ग्रॅम! त्यामुळे ‘सीवीड मारलंय, आता एक पोतं कमी टाकतो’ हा विचार सोडून द्या. त्यात उसाचंच नुकसान आहे.

मग त्यात आहे काय? समुद्राच्या खडकावरचं शेवाळ ओहोटीला उन्हात तापतं आणि भरतीला खाऱ्या पाण्यात बुडतं. हा ताण सोसण्यासाठी ते जी द्रव्यं तयार करतं, तीच आपल्या कामाची. तपकिरी शेवाळात अल्जिनेट, लॅमिनारिन, फ्युकॉइडन आणि मॅनिटॉल असतं. लॅमिनारिनमुळे पिकाची स्वतःची रोगप्रतिकारयंत्रणा जागी होते. अल्जिनेट जमिनीत गेलं तर मातीचे कण बांधतं आणि जिवाणूंना खाद्य होतं. बीटेन वर्गातली द्रव्यं ताणाच्या काळात पेशीतलं पाणी टिकवायला आणि पान हिरवं ठेवायला मदत करतात. शिवाय सायटोकायनिन, ऑक्झिन यांसारखी संजीवकं, म्हणजे वाढीवर ताबा ठेवणारी द्रव्यं, अगदी अल्प प्रमाणात असतात. प्रमाण अल्प असलं तरी पीक त्यांना प्रतिसाद देतं, म्हणून इथे मात्रेला फार महत्त्व आहे. लाल शेवाळात अल्जिनेट नसतं, त्याऐवजी कॅराजीनन असतं.

बाजारातल्या मालाचे ढोबळमानाने दोन प्रकार. पहिला अस्कोफायलम किंवा सरगॅसम या तपकिरी शेवाळांचा अर्क. अस्कोफायलम उत्तर अटलांटिकच्या थंड किनाऱ्यावरून येतं, सरगॅसम आपल्या कोकणातही वाढतं. हा अर्क बहुधा पोटॅशच्या अल्कलीत शिजवून काढतात, म्हणून त्याचा सामू (पीएच) चढा असतो. दुसरा कप्पाफायकस या लाल शेवाळाचा पिळून काढलेला रस. तमिळनाडूत रामनाथपुरमच्या किनाऱ्यावर बांबूच्या तराफ्यांवर त्याची शेती होते, आणि ताज्या शेवाळातून रस काढायचं तंत्र भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने विकसित केलं. लेबलवर शेवाळाचं नाव आहे का, हे आधी पाहा. नुसतं ‘समुद्री अर्क’ लिहिलेली बाटली परत ठेवा.

2021 च्या दुरुस्तीनंतर सीवीडसारखी जैव-उत्तेजकं, म्हणजे खत नसूनही पिकाच्या वाढीला चालना देणारी द्रव्यं, खत नियंत्रण आदेश 1985 च्या कक्षेत आली आहेत. त्यात कीटकनाशकाचा अंश ठरवून दिलेल्या अत्यल्प मर्यादेच्या वर चालत नाही. म्हणून ‘सीवीड मारलं की मावाही जातो, करपाही जातो’ असं कुणी सांगितलं तर सावध व्हा. एक तर तो दावा खोटा असतो, नाही तर बाटलीत न सांगितलेलं औषध असतं. पावती बॅच नंबरासह घ्या.

मिसळताना काय बिघडतं

सर्वांत जास्त नुकसान इथे होतं. तपकिरी शेवाळाच्या अर्काचे चार थेंब कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात टाकून पाहा. थेंब विरघळत नाही. त्याच्याभोवती साय धरते आणि शेवयांसारखे बुळबुळीत तंतू तळाला बसतात. अल्जिनेट आणि कॅल्शियम एकत्र आले की जेली होते, तीच ही. पंपात हे घडलं की जाळी आणि नोझल बंद. ठिबकमध्ये घडलं तर ड्रिपर साफ करण्यात दोन दिवस जातात. तांब्याचंही तसंच, म्हणून बोर्डो मिश्रण किंवा कॉपर ऑक्सिक्लोराइडसोबत सीवीड नको. 12:61:0 या विद्राव्य खतामुळे किंवा फॉस्फोरिक ॲसिडमुळे सामू उतरला तर अल्जिनिक आम्ल साक्याच्या रूपात खाली बसतं. बोअरचं पाणी जड असेल तर त्यातल्या चुन्यानेही थोडाफार हाच प्रकार होतो. फवारणीला नदीचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी बरं.

त्यामुळे बाटली-चाचणी केल्याशिवाय मिश्रण करू नका. ज्या पाण्याने फवारणार तेच एक लिटर पाणी पारदर्शक बाटलीत घ्या. जी औषधं मिसळायची ती त्याच प्रमाणात टाका, सीवीड शेवटी. हलवून अर्धा तास ठेवा. गाळ, तंतू, फेसाळ थर किंवा बाटली गरम लागणं, यातलं काहीही दिसलं तर दोन फवारण्या वेगळ्या करा.

उसाला कधी, किती

एक डोळा कांडी असेल तर बुरशीनाशकाची प्रक्रिया आधी उरका. सीवीड त्या द्रावणात टाकू नका. नंतर 100 लिटर पाण्यात 10 किलो ॲसेटोबॅक्टर (हवेतलं नत्र पिकाला देणारं जिवाणू खत) आणि सव्वा किलो स्फुरद विरघळवणारं जिवाणू खत घेऊन कांड्या 30 मिनिटं ठेवतो, त्या द्रावणात 200 मिली सीवीड चालतं. मात्र सामू पट्टीने तपासा, तो साडेसातच्या वर गेला तर सीवीड कमी करा. ट्रेमधली रोपं लावणार असाल तर लिटरला 2 मिली सीवीडच्या पाण्यात मुळांचा गठ्ठा पाच मिनिटं बुडवून लगेच सरीत लावा.

पहिली फवारणी लागणीनंतर 45 ते 60 दिवसांनी, फुटवे फुटताना. दुसरी 80 ते 90 दिवसांनी. द्रवरूप माल साधारण लिटरला 2 ते 3 मिली, विरघळणारी पावडर अर्धा ते एक ग्रॅम. लेबलवर वेगळी मात्रा असेल तर तीच पाळा. अडीच मिलीने 15 लिटरच्या पंपाला 37 ते 38 मिली होतात, एकरी 200 लिटर पाण्याला अर्धा लिटर. टोपणाने मोजू नका, प्रत्येक बाटलीचं टोपण वेगळं असतं. दव उतरल्यावर सकाळी किंवा चारनंतर फवारा. जमिनीत ओल हवी, कोरड्या सरीतल्या उसावर मारून उपयोग नाही. ऊस डोक्यावर गेल्यावर फवारणीचा अट्टाहास करू नका. ठिबक असेल तर एकरी एक लिटर शेवटच्या अर्ध्या तासात सोडा आणि नंतर दहा-पंधरा मिनिटं साध्या पाण्याने नळ्या धुऊन काढा.

मात्रा दुप्पट केल्याने फुटवे दुप्पट होत नाहीत. सायटोकायनिन वाढलं की मुळांची वाढ मंदावते, आणि क्षारांमुळे पानांचे शेंडे करपतात. डिसेंबरच्या थंडीत फुटवे मंदावतात ते थंडीमुळे. तेव्हा एकामागून एक फवारण्या करून खर्च वाढवू नका.

खोडव्याला बुडखे छाटून, पाचट सरीत दाबून, पहारीने खत दिल्यावर 40-45 दिवसांनी एक फवारणी पुरे. टोमॅटो, मिरचीला लावणीनंतर पंधरा दिवसांनी आणि फुलकळी दिसताना.

शिरोळ भागातल्या क्षारपड रानात सीवीडने पीक थोडं तग धरतं, रान सुधारत नाही. त्यासाठी निचराच करावा लागतो. पुरात शेंडा कुजलेला ऊसही फवारणीने उठत नाही. शेंडा चिरून पाहा, आतली सुरळी पांढरी-टणक असेल तरच खर्च करा.

गगनबावड्याच्या घाटातून कोकणात जाणं-येणं असलेले काही जण किनाऱ्यावरचं कच्चं शेवाळ आणायचं म्हणतात. खडकावरचं जिवंत शेवाळ ओरबाडू नका, तिथे मासळीची पिल्लं वाढतात. मालवणच्या सागरी अभयारण्यातून तर काहीच उचलू नका. लाटांनी टाकलेलं आणलंच, तर गोड्या पाण्याने तीनदा धुऊन, पाचट आणि शेणाबरोबर कुजवूनच वापरा. न धुतलेलं शेवाळ गुळाच्या उसाला मुळीच नको. क्लोराइड रसात उतरलं की गूळ खारट होतो, ओल धरतो आणि ढेप पाझरते. सरगॅसममध्ये आर्सेनिक साठू शकतं, म्हणून भाजीच्या वाफ्यात ते दरवर्षी टाकू नका. शेतीची बाटली म्हशीच्या आंबोणात तर कधीच नको. शेवाळाने जनावरांचा मिथेन कमी होतो ही चर्चा अस्पॅरागोप्सिस या वेगळ्याच लाल शेवाळाची आहे, आणि त्यातल्या ब्रोमोफॉर्ममुळे त्याची मात्रा घरी ठरवायची नसते.

फायदा झाला का, हे नजरेच्या अंदाजावर सोडू नका. रानाच्या मधोमध पाच सऱ्या सोडा आणि त्यांवर नुसतं पाणी फवारा. बाकी खत-पाणी सारखंच. 120 दिवसांनी दोन्हीकडे चार-चार ठिकाणी दहा फूट सरीतले फुटवे मोजून वहीत लिहा, आणि तोडणीला त्याच खुणांवरचे गाळपालायक ऊस मोजून वजन करा. वाढलेल्या वजनाचे पैसे बाटली आणि फवारणीच्या मजुरीपेक्षा जास्त आले, तरच पुढच्या लागणीला बाटली घ्या.