क्रोमियमनं बिघडलेल्या जमिनीच्या आणि भूजलाच्या शुद्धीकरणाची निविदा कशी काढावी

औद्योगिक वसाहतीतला प्लेटिंगचा, म्हणजे धातूला क्रोमियमचा मुलामा देणारा जुना कारखाना बंद पडतो, टाक्या भंगारात जातात आणि दोन-तीन पावसाळ्यांनी शेजारच्या बोअरला पिवळसर पाणी येतं. मग अंदाजपत्रक मागणारी फाइल उपअभियंत्याच्या टेबलावर येते. दरसूची चाळली तर खोदाईचा दर सापडतो, टिपरचा सापडतो, भूजलातलं क्रोमियम काढण्याचा काही सापडत नाही. म्हणून बहुतेक वेळा खोदाई आणि वाहतूक एवढंच अंदाजपत्रक होतं. ठेकेदार माती उचलतो, बिल घेतो, बोअरचं पाणी पिवळंच राहतं.

आधी पैशाचं पाहावं. केंद्राने जुलै २०२५ मध्ये प्रदूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे स्वतंत्र नियम अधिसूचित केले. त्यात संशयित जागांची यादी जिल्हा प्रशासनाकडून जाते, प्राथमिक तपासणीला ९० दिवस, तपशीलवार सर्वेक्षणाला आणखी ९० दिवस मिळतात आणि प्रदूषण करणारा सापडला तर खर्च त्याच्याकडून वसूल होतो. त्यामुळे जागा आधी प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रक्रियेत घ्यावी, मगच आपल्या निधीला हात लावावा. निव्वळ घनकचऱ्याचा डेपो या नियमांत येत नाही. तिथे बायोमायनिंगची, म्हणजे जुना कचरा उकरून वेगळा करण्याची निविदा वेगळी.

एकाच निविदेत सर्वेक्षण आणि शुद्धीकरण दोन्ही घालू नका. जो मोजतो तोच उचलणार असेल, तर मापावर भरवसा राहत नाही. एक तर घाण जास्त दाखवून प्रमाण फुगवलं जातं, नाहीतर कमी दाखवून काम लवकर संपवलं जातं. सर्वेक्षणाचं काम सल्लागाराला द्यावं आणि त्याला पुढच्या निविदेत भाग घेता येणार नाही, ही अट आधीच लिहावी. प्रयोगशाळा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेची हवीच, पण षटसंयुजी क्रोमियम, म्हणजे क्रोमियमचं विषारी, पाण्यात विरघळणारं रूप, ही चाचणी तिच्या मान्यतेच्या व्याप्तीत आहे का, ते प्रमाणपत्राच्या परिशिष्टात पाहावं. तिचं बिल कार्यालयाने थेट द्यावं, ठेकेदारामार्फत कधीच नाही.

सर्वेक्षणाच्या तपशिलात आपल्या जमिनीचा विचार हवा. काळ्या मातीला उन्हाळ्यात मीटरभर खोल भेगा पडतात. टाकीतून गळालेलं पाणी त्या भेगांतून सरळ खाली जातं. वरचा वीतभर थर स्वच्छ आणि मीटरभर खाली विष, असं चित्र म्हणूनच दिसतं. केवळ वरवरचे नमुने घेऊन "आढळून आले नाही" असा अहवाल देणं सोपं असतं. दहा मीटरच्या जाळीत प्रत्येक बिंदूवर किमान ०.३, १ आणि २ मीटर खोलीवर नमुना घ्यावा आणि मुरूम लागतो तिथे एक जादा.

दुसरी गोष्ट जास्त महाग पडते. बेसाल्टपासून बनलेल्या मातीत नैसर्गिक क्रोमियम असतंच, एका किलोला शंभर मिलिग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून जास्त. निविदेत कुणीतरी परदेशी सूचीतला आकडा उतरवतो, उदाहरणार्थ कॅनडाचा शेतजमिनीसाठीचा एकूण क्रोमियमचा ६४ मिलिग्रॅम. मग शेजारच्या ज्वारीच्या रानातली मातीही त्या कसोटीला नापास होते आणि काम कधीच संपत नाही. म्हणून जागेपासून दूरच्या, कधीच उद्योग नव्हता अशा रानातले किमान आठ-दहा नमुने घेऊन पार्श्वभूमीची पातळी ठरवावी. उद्दिष्ट मात्र षटसंयुजी क्रोमियमवरच बांधावं. हे रूप ऋणभारित असतं. काळ्या मातीतली चिकणमातीही ऋणभारित आणि मातीचा सामू (पीएच) आठच्या घरात, त्यामुळे माती त्याला धरून ठेवत नाही. ते पावसाबरोबर खाली उतरतं.

बोअरबाबत काटेकोर राहावं. नेहमीच्या पद्धतीत वरच्या मातीपुरता केसिंग पाइप टाकून खाली उघडं भोक सोडतात. प्रदूषित जागेवर असं केलं, तर वरच्या मुरमातलं घाण पाणी त्या भोकातून खालच्या खडकात उतरतं. म्हणजे निरीक्षणासाठी मारलेल्या बोअरनेच प्रदूषण खाली नेलं. दोन बोअर शेजारी-शेजारी, वेगवेगळ्या खोलीचे हवेत: एक मुरूम आणि कुजलेल्या खडकापुरता, दुसरा गेरूच्या लाल थराखालचा. वरचा भाग केसिंगने बंद करून सिमेंट-बेंटोनाइटने (बेंटोनाइट म्हणजे पाण्यात फुगणारी चिकणमाती) भरल्याशिवाय खाली जाऊ नये. जाळीच्या पाइपभोवती गोटी, म्हणजे बारीक गोल खडी, गोटीच्या वर किमान अर्धा मीटर बेंटोनाइटचा थर. हे निविदेत शब्दशः लिहिलं नाही, तर बोअरवाला सवयीनेच काम करतो.

पाण्याचे नमुने मे अखेरीस आणि ऑक्टोबरात, असे दोनदा घ्यावेत. मे महिन्यात उथळ विहीर कोरडी पडते, त्याची नोंदही करावी, कारण पाणी त्या वेळी कुठल्या फटीत आहे ते त्यावरून कळतं. नमुना घेताना मिनिटाला १०० ते ५०० मिलीलीटर इतक्या मंद गतीने उपसावं आणि सामू व विद्युतवाहकता सलग तीन वेळा स्थिर झाल्यावरच बाटली भरावी. षटसंयुजी क्रोमियमच्या पाण्याची चाचणी २४ तासांत व्हायला हवी आणि नमुना बर्फात हवा. परभणी किंवा नांदेडहून नमुना पाठवायचा असेल तर बसच्या पार्सलवर भरवसा ठेवू नका.

अंदाजपत्रकाकडे येऊ. समजा दूषित भाग ४० मीटर × २५ मीटर, खोली दीड मीटर, म्हणजे १,५०० घनमीटर. कोरड्या मातीची घनता घनमीटरला १.४ टन धरली आणि ओल १५ टक्के असेल, तर वजन २,४१५ टन भरतं. तीच माती पावसात ३५ टक्के ओलीने उचलली, तर २,८३५ टन. म्हणजे ४२० टन पाण्याचंच भाडं आणि विल्हेवाटीचे पैसे. म्हणून खोदाईचं मोजमाप खड्ड्याच्या तळाशी व काठावर, आधी-नंतरच्या पातळ्या घेऊन घनमीटरमध्ये करावं आणि विल्हेवाटीचं वजन काट्यावर, पण ओलीचा दाखला जोडून. खोदाई ऑक्टोबर ते मेच्या आत संपवण्याची अट घालावी. जून लागला की खड्ड्यात साचलेलं पाणीही दूषित पाणीच, तेही टाकायला जागा लागते.

ही माती कुठेही टाकता येत नाही. छत्रपती संभाजीनगरहून सुमारे १८० किलोमीटरवर पुणे जिल्ह्यात रांजणगावला घातक कचऱ्याची सामायिक सुविधा आहे. तिच्या स्वीकृतीचं पत्र निविदेआधी घ्यावं. १७ टनी टिपर धरला तर १५ टक्के ओलीच्या हिशेबात १४० च्या वर फेऱ्या. प्रत्येक फेरीला घातक कचरा नियम, २०१६ चं नमुना १० हे वाहतूक पत्र सात प्रतींत लागतं. त्यातली स्वीकारणाऱ्याने पाठवलेली निळी प्रत परत आल्याशिवाय त्या फेरीचं बिल मंजूर करू नये. वजन आणि फेऱ्या जुळतात का, हे तपासायचा याहून सोपा उपाय नाही. मोजमाप पुस्तिकेत त्या पत्राचा क्रमांक लिहावा.

पाण्याच्या बाजूला जास्तीचं दुखणं गाळाचं. उपसलेल्या पाण्यात लिटरला ५० मिलिग्रॅम षटसंयुजी क्रोमियम असेल आणि दिवसाला २० घनमीटर उपसा असेल, तर रोज एक किलो क्रोमियम निघतं. त्याला त्रिसंयुजी, म्हणजे कमी विषारी आणि गाळ होऊन बसणारं, करायला फेरस सल्फेट, म्हणजे सप्तजलीय स्फटिक, हिशेबाने १६ किलो लागतं. विरघळलेला प्राणवायू आणि वाया जाणारा भाग धरून दुप्पट, म्हणजे ३२ किलो घालावं. मग चुन्याने सामू ८ ते ८.५ वर नेला की क्रोमियम व लोह गाळ होऊन बसतं. यातून साधारण १४ किलो कोरडा गाळ तयार होतो, आणि फिल्टर प्रेसमधून (गाळ दाबून पाणी काढणारं यंत्र) ३० टक्के घन भाग असलेला केक, म्हणजे दाबलेला गाळ, निघाला तर त्याचं वजन ४५ ते ५० किलो. हा केकही घातक कचराच. बहुसंख्य अंदाजपत्रकांत फेरस सल्फेट असतं, केक नसतो. मग वर्षभरात १६-१८ टन केक शेडमध्ये पडून राहतो आणि ९० दिवसांच्या साठवणुकीची मर्यादा उलटून जाते.

दराचा प्रकार: माती आणि उपशाला बाबनिहाय दर, कारण खरं प्रमाण खोदल्यावरच कळतं. यंत्रणा उभारणीला ठोक रक्कम, चालवण्याला महिन्याचा दर. प्रमाण २५ टक्क्यांहून जास्त वाढलं तर नवा दर कसा ठरेल, हे आधीच लिहा. ही तरतूद नसली की जादा बाबीच्या प्रस्तावाला मंजुरी मिळेपर्यंत खड्डा उघडाच राहतो.

निवड फक्त कमी दरावर केली, तर या कामात बिलो, म्हणजे अंदाजपत्रकाहून कमी दर टाकणारा पहिला हात मारतो तो चाचणीवर आणि विल्हेवाटीवर. केंद्राच्या अर्थ मंत्रालयाच्या ऑक्टोबर २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार गुणवत्तेला कमाल ३० टक्के भार देता येतो. आपल्या खात्याची मान्यता घेऊन तसं करावं. नाहीच जमलं, तर पात्रतेच्या अटी नेमक्या करा: गेल्या सात वर्षांत भूजल उपसून शुद्ध करण्याचं किमान एक पूर्ण काम, घातक कचरा वाहतुकीची वैध परवानगी आणि पूर्णवेळ भूवैज्ञानिक. "पर्यावरणविषयक कामाचा अनुभव" एवढंच लिहिलं, तर झाडं लावणाराही पात्र ठरतो.

देयकाचा शेवटचा टप्पा आकड्याला बांधा. "मंडळाच्या निकषांनुसार" असं मोघम लिहू नका. कुठल्या बोअरमध्ये, कुठल्या खोलीवर, कुठल्या पद्धतीने, किती, हे स्पष्ट हवं. पिण्याच्या पाण्यासाठी एकूण क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे. पंप बंद केल्यावर मुरमाच्या बारीक छिद्रांत अडकलेलं क्रोमियम हळूहळू परत पाण्यात येतं आणि तीन-चार महिन्यांनी आकडा पुन्हा चढतो. म्हणून उपसा थांबल्यावर सलग चार तिमाही तपासणी, आणि देयकाचे १५ टक्के त्या चारही निकालांनंतर.

काम संपलं की निरीक्षणाचे बोअर तसेच सोडू नका. त्यांना तळापासून वरपर्यंत सिमेंट-बेंटोनाइटने बुजवण्याची बाब पहिल्याच अंदाजपत्रकात, मीटरप्रमाणे, वेगळी घाला. नंतर त्यासाठी कुणी पैसे देत नाही, आणि टंचाईच्या वर्षी त्यावर मोटार बसतेच.