दोन विमानतळांमधील हवाई अंतर आणि प्रवासाचा वेळ कसा काढावा

हवाई अंतर म्हणजे पृथ्वीच्या वक्र पृष्ठभागावरून जाणाऱ्या, दोन विमानतळांना जोडणाऱ्या सर्वांत आखूड मार्गाची लांबी. सपाट नकाशावर पट्टी ठेवून ती मिळत नाही, कारण गोलावरचा आखूड मार्ग हा बृहद्वृत्ताचा, म्हणजे गोलाच्या केंद्रावरच केंद्र असलेल्या सर्वांत मोठ्या वर्तुळाचा, भाग असतो आणि उत्तर गोलार्धातील पूर्व-पश्चिम प्रवासात तो नकाशावर उत्तरेकडे वाकलेला दिसतो.

प्रथम दोन्ही विमानतळांचे अक्षांश व रेखांश दशांश अपूर्णांकात लिहून घ्यावेत. उत्तर व पूर्व धन, तर दक्षिण व पश्चिम ऋण धरावे. बहुतेक चुका या चिन्हांतच होतात. नंतर दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करावा आणि त्यात दोन्ही अक्षांशांचे कोसाइन व रेखांशांतील फरकाचा कोसाइन यांचा गुणाकार मिळवावा. आलेली बेरीज ज्या कोनाचा कोसाइन असेल, तो अंशांतील कोन १११.१९ ने गुणला की अंतर किलोमीटरमध्ये मिळते. वैमानिक वापरतात ते नॉटिकल मैल हवे असतील, तर तोच कोन ६० ने गुणावा; एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर.

उदाहरणादाखल लंडनचा हीथ्रो (५१.४७, −०.४५) आणि न्यूयॉर्कचा केनेडी (४०.६४, −७३.७८) हे विमानतळ घेऊ. रेखांशांतील फरक ७३.३३ अंश, बेरीज सुमारे ०.६४५, कोन ४९.८३ अंश आणि अंतर सुमारे ५,५४० किलोमीटर. पृथ्वी पूर्ण गोल नसल्यामुळे या रीतीत अर्ध्या टक्क्यापर्यंत फरक पडू शकतो, पण प्रवाशाच्या कामासाठी तो नगण्य आहे.

अंतर दोन्ही दिशांना सारखेच असते. वेळ मात्र तसा नसतो. मोठी जेट विमाने साधारणपणे ताशी ८५० ते ९०० किलोमीटर वेगाने जातात, परंतु हा वेग भोवतालच्या हवेच्या सापेक्ष असतो. उत्तर अटलांटिकवर जेट प्रवाह, म्हणजे खूप उंचावरील वेगवान वाऱ्याचा पट्टा, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. ८५० चा वेग आणि ताशी १०० किलोमीटरचा वारा धरल्यास न्यूयॉर्ककडे जाताना जमिनीवरचा वेग ७५० होतो आणि साधारण ७ तास २५ मिनिटे लागतात, तर परतताना तो ९५० होऊन ५ तास ५० मिनिटे पुरतात. त्यात धावपट्टीपर्यंतची वाटचाल, चढण, उतरण आणि उतरल्यावर फाटकापर्यंत जाणे यांसाठी किमान अर्धा तास मिळवावा. गजबजलेल्या विमानतळांवर तो कमी पडतो, म्हणून वेळापत्रकातील कालावधी बहुधा अधिक असतो. प्रत्यक्ष मार्गही ठरलेल्या हवाई वाटांमुळे किंवा बंद हवाई हद्दीला वळसा घालावा लागल्यामुळे लांबतो.

शेवटी घड्याळाचा हिशेब. तिकिटावरील वेळा स्थानिक असतात, त्यामुळे सुटण्याची आणि पोहोचण्याची वेळ आधी समन्वित जागतिक वेळेत (यूटीसी, म्हणजे जगभर प्रमाण मानल्या जाणाऱ्या वेळेत) बदलून मगच वजाबाकी करावी. हिवाळ्यात लंडनहून सकाळी ११ ला सुटून ८ तासांनी उतरलेल्या प्रवाशाला न्यूयॉर्कमध्ये दुपारचे २ वाजलेले दिसतील, कारण दोन्ही शहरांत ५ तासांचा फरक आहे. मात्र दोन्ही देशांत उन्हाळी वेळ एकाच दिवशी सुरू होत नाही, म्हणून मार्चमधील काही आठवडे हा फरक ४ तासांचाच असतो. त्या दिवसांत तोच प्रवासी ३ वाजता पोहोचेल.