शिवारात वेल्डिंग जनरेटर नेताना आणि सांभाळताना

ऊसतोडीचा हंगाम तोंडावर आला की आपल्याकडं ट्रॉल्यांची कामं निघतात, शिवाय नदीकाठच्या लिफ्टच्या पाइपा, गोठ्याची शेड, शेतातली गेटं, आणि तिथं लाइट असंलच असं नाही, मग इंजिनवरचा वेल्डिंग जनरेटर ट्रॅक्टरमागं जोडून न्यावा लागतोय. कोल्हापूरच्या उद्यमनगर नाहीतर शिरोलीच्या कारखान्यांत शिकलेली पोरं वेल्डिंगचा बीड (जोडावरची ओळ) एक नंबर मारतात, पण शॉपमध्ये मशिन भिंतीवरच्या सप्लायवर चालतं, इंजिन हाताळायची सवय तिथं लागत नाही. त्या पोरांसाठी आणि नवीन मशिन घेतलेल्यांसाठी हे लिहितोय.

सगळ्यात आधी धुराचं बघा. मशिन उघड्यावर, सपाट जागेवर लावायचं, वारा कुठनं येतोय ते बघून सायलेन्सरचं तोंड माणसांपासनं लांब करायचं. पावसाची सर आली की लोक चालू मशिन पंपहाऊसमध्ये नाहीतर शेडमध्ये ढकलतात, म्हणतात दार उघडं आहे की. दार उघडं असून भागत नाही. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, डोकं जड होतं, मळमळतं, पायातलं बळ जातं आणि आपल्याला गॅस लागलाय हे त्या माणसाला कळतच नाही. पेट्रोलवरच्या छोट्या मशिनमध्ये हा गॅस जास्तच असतो, पण डिझेल आहे म्हणून बंद खोलीत चालतंय असं अजिबात नाही. विहिरीत काम असंल तर मशिन वर, काठापासनं चांगलं लांब ठेवा आणि केबल खाली सोडा. खाली कोण चक्कर येऊन पडलाच तर त्याच्यामागं दुसऱ्यानं उतरायचं नाही, आधी मशिन बंद करा, दोर बांधलेला असंल तर वरनं ओढून घ्या, १०८ ला फोन लावा. म्हणून उतरणाऱ्याच्या अंगाला दोर बांधूनच त्याला खाली सोडायचं. पावसासाठी मशिनवर ताडपत्री टाकून ते झाकू नका, हवा कोंडून इंजिन तापतंय, वर उंच छप्पर करा चारी बाजू मोकळ्या ठेवून. आणि पाऊस चालू असताना रॉड मारायचाच नाही.

चालू करायच्या आधी ऑइलची पट्टी काढून पुसून परत घालून बघा, रेडिएटर असंल तर पाणी बघा पण गरम असताना टोपी उघडू नका, ऑइल बाथचा एअर क्लीनर असंल तर वाटीतलं ऑइल खुणेपर्यंत आहे का बघा, धुळीच्या रस्त्याकडंला काम असंल तर हे रोज. होल्डरमध्ये रॉड अडकवून ठेवू नका. हँडलवर चालू होणारं इंजिन असंल तर अंगठा चार बोटांच्याच बाजूला ठेवा, हँडलला मूठ आवळून धरू नका, कारण इंजिन उलटं मारलं तर बोटं सुटतात आणि अंगठा मात्र अडकून मोडतोय. गळ्यातला टॉवेल आधी बाजूला काढून ठेवा, पट्ट्यात आणि फॅनमध्ये जायला त्याला वेळ लागत नाही. चालू झालं की पाचेक मिनिटं तसंच चालू द्या, मग लोड घ्या.

आता करंट. रॉड टेकवायच्या आधी होल्डरवर साधारण ६० ते ८० व्होल्ट असतात, त्यामुळं बरेच जण म्हणतात एवढ्यानं काय होतंय. घामानं भिजलेला माणूस ट्रॉलीखाली चिखलात पडून, अंग लोखंडाला लागलेलं असताना रॉड बदलतोय, तिथं एवढे व्होल्ट जीव घ्यायला पुरतात. खाली कोरडी फळी नाहीतर रबरी मॅट टाका, हातमोजे कोरडे पाहिजेत, एक जोड जादा ठेवाच. ग्राइंडरसाठी मशिनवर जे २३० व्होल्टचं सॉकेट असतंय त्याला ईएलसीबी, म्हणजे करंट लीक झाला की सप्लाय तोडणारा स्विच, पाहिजे. आणि लाइट गेली म्हणून त्या सॉकेटवरनं घराच्या वायरिंगमध्ये सप्लाय कधीच सोडू नका, चेंजओव्हर स्विच (लाइन तोडून जनरेटर जोडणारा) नसंल तर तो करंट उलटा महावितरणच्या लाइनवर जातो आणि खांबावर चढलेला वायरमन मरतो.

अर्थिंगचा क्लॅम्प सोयीनं कुठंपण लावायची सवय फार वाईट. रंग खरवडून, जोडाच्या जितका जवळ लावता येईल तितका लावा. ट्रॉलीच्या हबला क्लॅम्प आणि वेल्डिंग चॅसीवर, असं केलं की सगळा करंट बेअरिंगमधनं जातो. असलं बेअरिंग खोलून बघा, रेसवर, म्हणजे गोळ्या फिरतात त्या रिंगवर, बारीक काळे जळके ठिपके ओळीनं दिसतात, मग रस्त्यावर आवाज करतंय आणि ऐन हंगामात भरल्या ट्रॉलीखाली बसतंय. ट्रॅक्टरवरच वेल्डिंग करायचं असंल तर बॅटरीच्या दोन्ही वायरी काढा, मायनस आधी, नाहीतर अल्टरनेटर जळतोय.

शेतात पाचट असतं, म्हणून आग. चारीबाजूनं निदान ३५ फूट साफ करून पाणी मारून घ्या, ठिणगी पाचटाखाली जाऊन धुमसत राहते आणि आपण घरी गेल्यावर भडकते, त्यामुळं काम संपल्यावरपण अर्धा-एक तास तिथं थांबा. डिझेलच्या टाकीला किंवा रिकाम्या बॅरेलला रॉड लावू नका, रिकामं म्हणजे आत वाफ असतेच. डिझेल भरायचं ते इंजिन बंद करून, थंड झाल्यावर.

हेल्मेटची काच १० किंवा ११ नंबरची, आणि बघायला जमलेल्या पोरांना लांब हाकला.

मशिनच्या प्लेटवर ड्युटी सायकल लिहिलेली असते, ६० टक्के म्हणजे त्या करंटला १० मिनिटांत ६ मिनिटं वेल्डिंग, बाकी ४ विश्रांती. ३.१५ एमएमच्या रॉडला १००-१२० अँपिअरमध्ये काम होतं, ४ चा रॉड दिवसभर ओढायचा असंल तर मशिन त्या ताकदीचं पाहिजे. उलट, काम नसताना तासभर रिकामं चालवत ठेवणंही वाईट, इंजिन पुरतं तापत नाही, अर्धवट जळालेलं डिझेल सायलेन्सरला काळं चिकट होऊन बसतंय. बंद करताना मात्र तीन-चार मिनिटं बिनलोड चालवून मगच बंद करा.

मेंटेनन्सला तासांची वही ठेवा, तारखेवर जाऊ नका. नवीन इंजिनचं पहिलं ऑइल बऱ्याच कंपन्या ५० तासाला बदलायला सांगतात, पुढचं पुस्तकात दिलंय तसं. संध्याकाळी टाकी भरून ठेवा, अर्धी टाकी रात्री थंड झाली की आत पाणी सुटतं, फिल्टरखालच्या बोल्टमधनं ते अधूनमधून काढत जा. डिझेल संपून इंजिनानं एअर धरली तर फिल्टरचा एअर स्क्रू सैल करून हातपंप मारत राहा, बुडबुडे थांबून सलग डिझेल आलं की आवळा. ग्राइंडरची लोखंडी भुकटी वाइंडिंगमध्ये गेली की शॉर्ट होतं म्हणून ग्राइंडिंग मशिनपासनं लांब, आणि आतली धूळ कोरड्या हवेनं हलक्या प्रेशरनं मारा. कार्बन ब्रश असतील तर झिजलेत का, स्प्रिंग दाबतीय का तेही तेव्हाच बघून घ्या.

पावसाळ्यात चार महिने मशिन पडून असतं, तेव्हा महिन्यातनं एकदा तरी उघड्यावर काढून अर्धा तास लोडवर चालवा, आत उंदरांनी वायरी खाल्ल्यात का बघा. आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात बाहेर काढताना इलेक्ट्रिशियनकडनं मेगर (वाइंडिंगचं इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावून घ्या, लावायच्या आधी एव्हीआर (व्होल्टेज सांभाळणारं कार्ड) आणि डायोड सोडवायला सांगा, एक मेगाओहमच्या खाली रीडिंग आलं तर वाइंडिंग वाळवल्याशिवाय चालू करू नका.