इंदूरहून पुण्याला विमानाने निघताय? अंतराच्या आणि वेळेच्या हिशेबातल्या या चुका टाळा

इंदूर ते पुणे विमानाला किती वेळ लागतो, असं आमच्या इंदूरच्या लोकमान्य नगरात कुणालाही विचारा, ‘तासाभरात पोचता’ हेच उत्तर मिळेल. हवेतल्या वेळापुरतं ते खरंही आहे. त्याच भरवशावर आम्ही मावसभावाच्या मुलाच्या मुंजीला निघालो. मुहूर्त 10 वाजून 50 मिनिटांचा, विमान उतरणार 9:40 ला. विमान वेळेवर उतरलं, पण आईने भिक्षावळीसाठी केलेल्या लाडवांचा स्टीलचा डबा चेक-इनच्या बॅगेत होता. बॅगेसाठी पट्ट्यापाशी पंचवीस मिनिटं गेली, मग लोहगावच्या विमानतळाहून सदाशिव पेठेपर्यंतची गर्दी. कार्यालयात शिरलो तेव्हा अक्षता जमिनीवर पडलेल्या होत्या. नातवाच्या मंगलाष्टकांना आपण नव्हतो, ही खंत आईच्या मनातून अजून गेलेली नाही.

म्हणून तिकिटावरचा वेळ नीट समजून घ्या. इंदूर आणि पुण्याच्या विमानतळांमध्ये सरळ रेषेत सुमारे 500 किलोमीटर अंतर आहे. सेंधवा-धुळेमार्गे गाडीने हेच अंतर सहाशेच्या घरात जातं. काही साइट 270 दाखवतात, काही 311. यात चूक काहीच नाही, पहिले सागरी मैल आहेत आणि दुसरे साधे. मुंबईही इंदूरहून हवाई मार्गाने साधारण तेवढीच लांब आहे, हे ऐकून अनेकांना नवल वाटतं.

मग 500 ला विमानाच्या ताशी 800 किलोमीटरच्या वेगाने भागायचं का? नाही. एवढ्या छोट्या अंतरात विमानाचा बराच वेळ चढण्यात आणि उतरण्यात जातो, पूर्ण वेग थोडाच वेळ मिळतो. एटीआरसारखं पंख्याचं विमान असेल तर तो वेगही ताशी 500 च्या आसपास. शिवाय तिकिटावरचा वेळ विमान जागेवरून हलल्यापासून दुसरीकडे जागेवर थांबेपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंतचा प्रवास आणि रांगेत थांबणं त्यातच आलं.

जाताना लागला तेवढाच वेळ येताना लागेल, हेही धरून चालू नका. हिवाळ्यात वरचे वारे पश्चिमेकडून वाहतात. त्यामुळे इंदूरहून पूर्वेला, म्हणजे उदाहरणार्थ नागपूरला, जाताना ते साथ देतात आणि परतताना समोरून येतात.

इंदूरला लख्ख ऊन आणि विमान मात्र दोन तास उशिरा, असं झालं की लोक काउंटरवर चिडतात. पण ते विमान बहुधा आधीच्या शहरातून यायचं असतं आणि जानेवारीत उत्तरेकडे धुकं असतं. घरातून निघण्याआधी आपलं विमान आत्ता कुठे आहे ते ट्रॅकिंग अ‍ॅपवर बघा. मात्र उशीर दिसला म्हणून निवांत राहू नका. बहुतेक कंपन्यांचा काउंटर 60 मिनिटं आधी बंद होतो.

मुंबईचं तिकीट काढताना विमानतळाचा कोड वाचा. बीओएम म्हणजे सांताक्रूझ, एनएमआय म्हणजे नवी मुंबई. जोडविमान घेतलंत तर दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्या. वेगवेगळी तिकिटं असली की पहिलं उशिरा पोचल्यास दुसरं विमान तुमच्यासाठी थांबत नाही.

रामबागेतून निघून बडा गणपती, कालानी नगर करत विमानतळ, तिथली तपासणी, उड्डाण, बॅग आणि पुण्यातली गर्दी, असे घरापासून दारापर्यंत साडेचार-पाच तास धरा. सकाळचा मुहूर्त असेल तर आदल्या दिवशीच जा. लाडवांचा डबा हातातल्या बॅगेत ठेवा. कोरडा खाऊ विमानात नेता येतो.